डावीकडे वळलेली वेणी

३ ऑक्टोबर

ताई,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मग मी फोन आपटते, म्हणून लिहिते आहे. पत्रात निदान तुला मधेच तोंड घालता येणार नाही.

सोबत पार्सल आहे. घरमालकांना आमची जागा दुरुस्तीला काढायची आहे, तेव्हा मी चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायला जाते आहे. खोली बरी आहे. सकाळी जिना उतरलं की कामावर. पण भिंतींना ओल आहे आणि कपाटात कसर. आईची भांडी, तिची आरामखुर्ची, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, सगळ्याची कुठे ना कुठे सोय लावली. एवढ्या एकाच गोष्टीची लावता येईना.

आईच्या सुयांवरचा शेवटचा स्वेटर. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग झालेले आहेत, उजवी बाहीही झाली आहे. डावी अजून सुयांवर आहे. उरलेले गुंडेही घातलेत. तुझं कपाट कोरडं असतं, शिवाय त्यात कसरीच्या गोळ्या असतात. तिथे राहू दे. जसा आहे तसाच ठेव. माझी खोली वाळली की मी येईन न्यायला, तेव्हा त्याबद्दल बोलायचंही आहे.

दुकानात गर्दी आहे. सहामाही परीक्षा आली की सगळ्या आईबापांना एकदम कळतं, आपल्या पोराला फळा दिसत नाही.

बारकी


२८ ऑक्टोबर

प्रिय बारके,

पार्सल पोचलं. सुयांच्या टोकांना काहीतरी खोचून तरी पाठवायचंस. टाके घसरायच्या बेतात होते.

आधी माझ्या कारखान्याची खबरबात, मग भांडते. सुयांवरून उतरलं ते असं: दादाचा करडा बिनबाह्यांचा, छापखान्यातल्या बाइंडरच्या नातीची टोपी, आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे मोजे. त्यातला एक दुसऱ्यापेक्षा मोठा झाला, पण त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे पायही तसेच असणार. सुयांवर आहे ती वहिनीची शाल, जाळी चुकली म्हणून पुन्हा उसवलेली, आणि बाइंडरच्या त्याच नातीचं झबलं. टोपी पुरी होईपर्यंत तिचं डोकं वाढलं, तेव्हा झबल्याची घाई आहे. "स्वतःसाठी काय विणताय?" असं छापखान्यातली नवी मुलगी विचारत होती. म्हटलं, आहे की माझा विकतचा निळा. कोपरांवर विरलाय आणि बाह्या मनगटाच्या वरच संपतात, पण ते काय, माझ्या हातांना पुरेल अशी बाही अजून कोणत्या दुकानात निघालेलीच नाही.

आता मुख्य. आईचा स्वेटर मी पुरा केला.

"तसाच ठेव" म्हणायला तुझं काय जातं? तुला विणता येत नाही. सुयांवर अडकून राहिलेले टाके ओढले जातात, तिथे रेघ पडते आणि ती रेघ मग जात नाही. अर्धं विणलेलं काही कपाटात ठेवून मला झोप लागत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. म्हणून दिवा लावून बसले, आणि ती डावी बाही नीट पाहिली.

कोपरापर्यंत आईचा हात. डोळे मिटून बोट फिरवलं असतं तरी ओळखला असता. आणि कोपराच्या वर एकदम काय झालं होतं ग? एका ओळीत टाके इतके घट्ट की सुई आत शिरेना, पुढच्या ओळीत इतके सैल की बोट जावं. दोन ठिकाणी टाका गळून भोक पडलेलं. आणि वेणी! आईची वेणी जन्मभर उजवीकडे वळली. इथे ती डावीकडे वळली होती, आणि ते एकदाच नाही, दर वळणाला. जी बाई बोलता बोलता, न बघता वेणी घालायची, तिला डावं-उजवं कळेनासं झालं होतं. मापाचंही तेच. बाह्या इतक्या लांब की मला कळेना ही माणसासाठी विणत होती की वानरासाठी. पुरी झालेली उजवी बाहीसुद्धा तेवढीच लांब!

मी बसून रडले. मग कोपराच्या वरचं सगळं उसवलं, उजवी बाही वरून उसवून आखूड केली, दोन्ही नीट विणून जोडल्या. आणि विणता विणता माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती तुझ्यावर.

दर रविवारी मी फोनवर विचारायची, आई कशी आहे? तू म्हणायचीस, "बरी आहे. हात थोडे थरथरतात." थोडे? माझ्या आईचं डोकं तिला सोडून चाललं होतं आणि तू मूग गिळून बसलीस! मला कळलं असतं तर छापखान्याच्या मालकांच्या तोंडावर रजेचा अर्ज फेकून आले असते. तू मला येऊ दिलं नाहीस. आजारी आई तुझ्या एकटीची होती का? ते टाके बघितले नसते तर मला हे कधी कळलंच नसतं. मग तू काय करणार होतीस, तोंडात गुळणी धरून जन्म काढणार होतीस?

स्वेटर आता सुरेख झालाय. वहिनी आली होती, तिला घालून बघितला, अगदी मापात बसला. तिलाच दिला. कपाटात कसरीची वाट बघत पडण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर गेलेला बरा.

तुझी,
ताई


६ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र दुकानात आलं. एक गिऱ्हाईक नंबर काढायच्या मशीनला हनुवटी टेकून बसलं होतं. त्याला तसंच सोडून मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले. तो बिचारा बराच वेळ मशीनमधलं चित्र बघत बसला असेल.

काउंटरवर उभ्याने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो तुला, इथे फुकट काढू नकोस.

आईचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. जायच्या आदल्या आठवड्यात तिने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की ही फ्रेम तुमच्या तोंडाला शोभत नाही, माझ्या मुलीच्या दुकानात या. ते आलेही. तुला मी खोटं काही सांगितलं नाही. हात थरथरत होते. नुसते थरथरायचे ते पुढे काही धरेनासे झाले, एवढंच.

कोपराच्या वरचे टाके आईचे नव्हतेच. माझे होते.

वाचलंस? आता पुन्हा वाच.

दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा मी घरी यायची. ती उशीला टेकून बसायची आणि मी तिच्यासमोर पलंगावर मांडी घालून. एके दिवशी तिच्या हातातून सुई तीनतीनदा निसटली. तिने ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घे ठोंबे, आता तू." लहानपणी तू तिच्या कुशीत बसून शिकलीस. मला ती ठोंबी म्हणायची आणि मी बाहेर पळायची, ती पळालेलीच राहिले. आता या वयात शिकले. ती बोटांनी हवेत दाखवायची आणि मी समोर बसून तसंच्या तसं करायची, म्हणून वेणी उलटी वळली. आरशात बघून भांग पाडावा तसं झालं. आमच्या दोघींच्या लक्षात आलं तोवर बरंच विणून झालं होतं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी विचारलं, उसवू? म्हणाली, "हात लावू नकोस. ही तुझी वेणी आहे हे बघणाऱ्याला कळू दे."

पहिलं भोक पडलं तेव्हा ती मला तुझ्या लहानपणीचं काहीतरी सांगत होती आणि मी ऐकत राहिले. दुसरं पडलं तेव्हा तिला धाप लागली, मी सुया टाकून उठले, आणि टाका कुठे गेला ते मग सापडलंच नाही. कुठल्या ओळीला काय झालं ते मला पाठ आहे. पाठ होतं. आता ओळीच नाहीत.

तू त्या उसवल्यास. लाल पेनने खोडावं तशा. तुला आईने चालायला, वाचायला, विणायला सगळं शिकवलं. मला तिने शेवटी एक बाही शिकवली, तीही अर्धी. तेवढं माझ्याकडे होतं ग, ताई. तेवढंच होतं, आणि ओल लागेल म्हणून विश्वासाने तुझ्याकडे पाठवलं. "तसाच ठेव" या दोन शब्दांत न समजण्यासारखं काय होतं?

आणि तो वहिनीला देणारी तू कोण? तो तिचा नाही. परत आण.

बारकी


१४ नोव्हेंबर

बारके,

मला कसं कळणार होतं? तू सांगितलंस? पार्सलात चिठ्ठी घातलीस त्यात भिंतींची ओल आहे, पोरांचा फळा आहे, आणि हे नाही! सुई कोणत्या टोकाने धरतात हे ज्या मुलीला माहीत नव्हतं तिने वेणी घातली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. स्वतः गप्प बसायचं आणि मग दुसऱ्याने ओळखलं नाही म्हणून त्याच्या अंगावर धावून जायचं, ही तुझी जुनी खोड आहे.

आणि एक सांग. त्या दुपारी तुला मिळाल्या. हसणं तुला मिळालं, ठसकासुद्धा तुला मिळाला. मला काय मिळालं? रविवारचा फोन आणि "बरी आहे". तू माझ्यावर कसली ओरडतेस? मला तुझा इतका हेवा वाटला हे पत्र वाचून की ताट तसंच सरकवून उठले. आईचं डोकं शाबूत होतं हे वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. रागच आला. महिनाभर मी एका भलत्याच गोष्टीसाठी रडत होते.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "अहो ताई, मी तर रोज घालते, सगळे विचारतात कुणी केला." आता तिच्या अंगावरून कसा काढू? काय सांगू? दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे माझं तोंड उतरणार, दादा आठवडाभर तोंड फिरवणार. तुझ्यासाठी होता का तो? तसं असेल तर सरळ लिही, मी तुला दुसरा विणून देते, याहून चांगला. रंग सांग.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

दुसरा विणून देते म्हणे! तुझ्यापुढे डोकं आपटून घ्यावं.

बाह्या कुणासाठी एवढ्या लांब होत्या? तुला वानर आठवलं. आरशात बघ. हात खाली सोडून उभी राहा आणि बघ.

तुझ्यासाठी होता.

आई म्हणाली, "ताई अख्ख्या दुनियेला विणते. तिला कोण विणतं? विणणाऱ्या बाईला कुणी विणून देत नाही, सगळ्यांना वाटतं तिच्या घरी ढीग असेल. आणि तिच्या मनगटांना जन्मभर वारा लागतोय." तुझं माप तिने कुठे लिहिलेलं नव्हतं. तिने माझ्या हाताला दोरा लावला, मग आणखी चार बोटं पुढे सोडला आणि म्हणाली, "एवढी." मी म्हटलं, आई, एवढी कशी असेल? म्हणाली, "मी जन्म दिलाय तिला. मला नको सांगूस."

तुला सांगायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. "सांगितलंस तर ती येईल आणि तुझ्या हातातून सुया काढून घेईल." मी तेव्हा तुझी बाजू घेतली होती. म्हटलं, नाही ग, ताई तसं करणार नाही.

आता वहिनीला सांग काय सांगायचं ते. मला विचारू नकोस.

बारकी


१८ डिसेंबर

बारके,

तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस सुई हातात घेतली नाही. झबलं तसंच पडलंय, बाइंडरची नात त्यातूनही वाढून जाईल, जाऊ दे. छापखान्यात दोन चुका माझ्या नजरेतून सुटल्या, मालक ओरडले, मीही ओरडले.

मग वहिनीकडे गेले. तिने दार उघडलं तेव्हा तोच अंगात होता. मी म्हटलं, "वहिनी, स्वेटर काढून दे." ती हसली, तिला थट्टा वाटली. मी म्हटलं, थट्टा नाही, तो माझा आहे. "तुमचा? तुम्हीच तर दिलात!" दादा मधे पडला, म्हणाला, डोकं फिरलंय का तुझं, एका स्वेटरसाठी! मी त्याच्यावर अशी कडाडले की चार घरांना ऐकू गेलं असेल. मला लाज वाटत होती आणि थांबताही येत नव्हतं. शेवटी वहिनीने तो काढून टेबलावर टाकला आणि आत गेली. शाल पुरी करून देईन तिला. बोलेल तेव्हा बोलेल.

घरी आणून मी माझं सगळं उसवलं. डावी बाही कोपरापर्यंत, जिथे आईचा शेवटचा टाका आहे तिथपर्यंत. उजवी जिथवर आईची उरली आहे तिथपर्यंत. हे नीट ऐक, कारण मला पुन्हा लिहायचं नाही: उजव्या बाहीच्या खांद्याकडचा भाग आईचा होता. पुरा झालेला, तिच्या हातचा, तिच्या मापाचा. तो मी लांब म्हणून उसवला होता. माझ्या स्वतःच्या हातांसाठी विणलेलं मीच लांब म्हणून उसवलं. तो आता कुणालाच परत विणता येणार नाही.

मला सगळ्यांचा राग येतोय. तुझा येतो, तू गप्प राहिलीस म्हणून. आईचा येतो. "ती सुया काढून घेईल" असं ती म्हणाली आणि तिचं खरं ठरलं, म्हणून तर जास्तच. सगळ्यात जास्त माझ्या या हातांचा येतो. यांना कुणी सांगितलं होतं शहाणपण?

उसवलेली लोकर कुरळी होते. मी ती धुतली, लड करून खाली वजन बांधलं आणि वाळवली. बरीच सरळ झाली, सगळी नाही. दोन्ही बाह्या सुयांवर चढवून पाठवते आहे. पुढचं तू विण. तुझ्या हाताने, येईल तसं. मी एकही सूचना देत नाही. तोंड शिवून घेतलंय.

ताई

ता. क. मान वाकवून विणू नकोस, खांदा धरतो. ही विणकामातली सूचना नाही.


२२ जानेवारी

ताई,

सोबत स्वेटर आहे.

आता समोर कुणी बसलेलं नव्हतं, तेव्हा वेणी सरळ घालता आली असती. मी दोन्ही बाह्यांवर मुद्दाम डावीकडे वळवली. पहिलं भोक होतं त्याच जागी ठेवायचा प्रयत्न केला, तर ते पडेना. ठरवून टाका गाळणं किती कठीण असतं! मग दुसऱ्याच ठिकाणी आपोआप पडलं, ते राहू दिलं. लोकर अजून थोडी कुरळी आहे, तिथे फुगल्यासारखं दिसतं. ती करामत तुझी.

खोली वाळली. आईची खुर्ची खिडकीशी लावली आहे. माझा राग गेलेला नाही. तू वहिनीशी भांडलीस हे वाचून थोडा उतरला, खोटं कशाला सांगू.

घाल तो. आणि त्यातला एक टाका जरी हलवलास तर याद राख.

बारकी


२ फेब्रुवारी

बारके,

घातला. घालून छापखान्यात गेले.

नवी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला गप्प बसवेना. म्हणाली, "बाई, तुम्ही इतकं छान विणता, आणि हा असा कसा झाला? खांद्याशी बघा किती ओढलाय. आणि इथे तर भोक आहे." बाइंडरही चष्मा कपाळावर चढवून बघायला आला. दुसऱ्या कुणी माझ्या कामाला असं म्हटलं असतं तर मी त्याला तिथेच उभा चिरला असता.

मी म्हटलं, "हा मी नाही विणला. हा मला विणून दिलाय."

असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. बोलले आणि लगेच त्या पोरीवरच खेकसले, की तुझं काम बघ, दुसऱ्याच्या स्वेटरमध्ये नाक खुपसू नकोस.

भोकातून गार लागतं. तिथे बोट जातं सारखं, रफू करायला हात शिवशिवतात, मी ते हात खिशात घालून बसते. वेणी दोन्हीकडे उलटी वळली आहे, आणि आरशात बघितलं की सरळ दिसते, आईची असायची तशी. मला तुझा अजून राग आहे. तुला माझा असेल. येशील तेव्हा समोरासमोर काय ते होऊन जाऊ दे.

बाह्या मनगट झाकून पुढे तळहातापर्यंत पोचतात. लिहिताना मागे साराव्या लागताहेत.

तुझी,
ताई